कानातला माणूस

टेलर मास्तरच्या बायकोच्या कानात एक माणूस राहायला आला होता आणि काही केल्या तो जायचं नाव घेत नव्हता. निदान मास्तरचं म्हणणं तसं होतं. बाकीच्या जगाच्या मते ती कानाची मशीन होती. एका कानाला एक अशा दोन, वालाच्या दाण्याएवढ्या, केसांआड लपणाऱ्या. लेकीनं आईला दवाखान्यात नेऊन ती बसवून आणली होती आणि आपल्या गावी परत जाताना बापाला बजावलं होतं, "बाबा, तिला ऐकू येतंय आता. तुम्ही मध्ये मध्ये करू नका."

मध्ये मध्ये करू नका. गेली पंधरा वर्षं मास्तर दुसरं काय करत होता?

मास्तरणीचे कान एकदम गेले नव्हते. आधी पाखरं गेली, मग दारावरची घंटा गेली, मग गिऱ्हाइकं. शेवटी उरला डाव्या कानाचा एक कोपरा, आणि त्या कोपऱ्यात एकटा मास्तर. बाहेरच्या खोलीत तो मापं घ्यायचा, कापड कापायचा, मशीनवर टिपा मारायचा. आतल्या खोलीत खिडकीशी बसून ती हातकाम करायची. अस्तर बसवणं, बटणं लावणं आणि मुख्य म्हणजे काजं. कोटाची काजं ती मेण लावलेल्या रेशमी दोऱ्यानं हातानं घालायची. गिऱ्हाईक बाहेर बोलायचं, मास्तर आत जायचा, वाकून तिच्या डाव्या कानाशी तोंड न्यायचा आणि काय बोलणं झालं ते सांगायचा. ती मान हलवायची. पंधरा वर्षं जगाचं तिच्याशी जे काही बोलणं झालं, ते सगळं मास्तरच्या मिशांतून गाळून झालं.

आणि मास्तर गाळायचा, हे आपण आधीच सांगून टाकू. सुरुवातीला त्यानं कडू तेवढं बाजूला काढलं. एक बाई म्हणाली होती, "त्या बहिरीला काय कळणार ब्लाउजमधलं," ते त्यानं आत नेलं नाही. चांगलंच केलं. मग एकदा एक म्हातारा व्हायोलिन वाजवणारा आला. नवा कोट अंगात घालून बटणं लावली, काढली, पुन्हा लावली. म्हणाला, "मास्तर, बोटांना बघावं लागत नाही. बटण आपोआप घर शोधतं. कुणाचा हात आहे हा?" मास्तर तेव्हा घाईत होता. "आमच्याच दुकानातला," असं म्हणून त्यानं वेळ मारून नेली आणि आत जाऊन सांगायचं राहून गेलं.

राहून गेलं, आणि काही बिघडलं नाही. बायकोनं विचारलं, "काय म्हणाले?" तो म्हणाला, "बरा झालाय म्हणाले." ती खाली मान घालून पुढच्या कोटाला लागली. मास्तरच्या लक्षात आलं की हे फार सोपं आहे. पुढच्या वेळी त्यानं ते मुद्दाम केलं.

मास्तर वाईट माणूस नव्हता. बायकोवर त्याचा जीव होता, तिला ताप आला तर दुकान बंद ठेवायचा. पण माणसाचा जीव असला म्हणून त्याच्या पोटात दुखायचं थांबतं असं नाही. पस्तीस वर्षं कात्री चालवून त्याचा अंगठा वाकडा झाला होता, आणि गिऱ्हाईक कोट घालून आरशासमोर उभं राहिलं की पहिलं बोट जायचं काजावर. खांदा कसा बसलाय, पाठीवर सुरकुती नाही, हे कुणी बघायचंच नाही. काजं, काजं, काजं. तिच्यामुळे आपण आहोत हे त्याला कळलेलं होतं. ते तिला कळू नये एवढीच त्याची धडपड होती. कळलं तर मग आपण कोण, नुसता कापड कापणारा? एवढी वर्षं तिचा कान होऊन त्यानं दुकानात स्वतःची जागा धरून ठेवली होती, आणि आता तिथे दोन वालाचे दाणे येऊन बसले होते.

पहिल्याच दिवशी तिनं शिलाई मशीनचा आवाज ऐकला आणि हसत सुटली. "किती खडखडते हो ही! एवढी वर्षं सोसलंत कसं?" मग तिनं नळ गळतोय हे शोधून काढलं. मग मास्तर जेवताना आवाज करतो हे. मग गिऱ्हाईक पायरी उतरलं की मास्तर तोंडातल्या तोंडात त्याला काय म्हणतो हेही. पंधरा वर्षं तो आपल्याच घरात मोकळेपणानं पुटपुटत आला होता. आता तोंडाला कुलूप लावायची वेळ आली. नशीब एवढंच, की बाहेरच्या खोलीतलं बोलणं तिला आत नीट लागत नव्हतं, नुसता गलबला यायचा. मास्तरचा सगळा धीर त्या एका भिंतीवर होता.

मग चौथ्या दिवशी तो कानातला माणूस बोलायला लागला.

मास्तर अस्तर मागायला आत गेला तर बायको खिडकीशी एकटीच बसली होती, हात मांडीवर, डोळे मिटलेले. फोन बाजूला टेबलावर पडला होता. त्यातून जरासाही आवाज येत नव्हता. आणि ही म्हणत होती, "हं... जरा हळू... नाही, उजवीकडे जास्त होतंय... आता कमी झालं... हां, आता छान. असंच राहू द्या."

मास्तर दारातच खिळला.

"कोणाशी बोलतेस?"

तिनं डोळे उघडले. "दवाखान्यातले ते. तिथूनच मशीन लावून देतायत. जायला नको, यायला नको. आवाज थेट कानातच येतो बघा." आणि वर म्हणाली, "किती मऊ आवाज आहे त्यांचा."

मऊ आवाज. मास्तरनं अस्तर न घेताच पाय मागे घेतला. पंधरा वर्षं त्याच कानाशी ओरडून ओरडून त्याचा स्वतःचा आवाज फाटला होता, त्याला कुणी कधी मऊ म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून त्यानं त्या माणसाचं नाव ठेवलं कानवाला.

समोरच न्हाव्याचं दुकान होतं. हा न्हावी दाढीबरोबर सल्ला फुकट द्यायचा आणि दाढी बरी करायचा. मास्तरनं त्याला एवढंच विचारलं की असल्या मशीनमध्ये माणूस बसून राहू शकतो का, म्हणजे कायमचा.

"बसून राहायला कशाला पाहिजे?" न्हावी म्हणाला. "तिकडून ऐकतात. मी एकदा बायकोला नुसतं म्हणालो, गादी बदलायला पाहिजे. फोन बाजूला पडलेला. दुसऱ्या दिवशी फोनवर गाद्याच गाद्या. आता बोला."

"पण हे तर कानात आहे."

"मग तर काय, घरातलंच झालं. रात्री काढतात का वहिनी?"

"काढते. डबीत ठेवते. उशाशी."

न्हाव्यानं वस्तरा पुसला आणि काही बोलला नाही. तो बोलला नाही याचीच मास्तरनं जास्त धास्ती घेतली.

त्या रात्री बायको झोपल्यावर त्यानं ती डबी उशाजवळून उचलली, तिची वायर उपसली आणि कपाटात खाली, हिवाळ्याच्या कोटांच्या ढिगात खुपसून ठेवली. ऐक आता काय ऐकतोस ते. सकाळी बायकोनं डबी शोधून काढली, मशीन कानाला लावली, आणि मशीन मुकी. बॅटरी भरलीच नव्हती. मास्तरला हे ठाऊक नव्हतं, त्याला वाटलं कानवाला रुसून गेला. तो दिवस त्याला फार सुखाचा गेला. सात वेळा आत गेला, सात वेळा वाकून कानाशी बोलला. गिऱ्हाइकानं काय सांगितलं, दुधवाला काय म्हणाला, हवा कशी आहे, सगळं. बायको मान हलवत होती, पण तिचा चेहरा मात्र उतरलेला होता. संध्याकाळी तिनं लेकीला व्हिडिओवर डबी दाखवली, लेकीनं खुणेनं सांगितलं तशी वायर जागेवर लावली, आणि दुसऱ्या दिवशी कानवाला पुन्हा हजर.

आठव्या दिवशी सकाळी त्यांचं बोलणं बराच वेळ चाललं. मास्तर इस्त्री हातात धरून भिंतीला कान लावून उभा होता. बहिऱ्या बाईच्या नवऱ्यावर ही वेळ यावी!

"हो, ते बाहेर बसतात, मी आत असते," ती म्हणत होती. "नाही, एवढ्या लांबचं नाही कळत... फोन बाहेर ठेवू? काउंटरवर? आणि मग मला इथे बसून कळेल?... कुठलं बटण?... हं, दाबलं... बरं, बरं. ह्यांना सांगते. तुमचे फार उपकार झाले."

थोड्या वेळानं ती फोन घेऊन बाहेर आली आणि तो काउंटरवर टेप आणि खडूंच्या शेजारी उभा करून ठेवला. मास्तरला तिनं नीट समजावून सांगितलं, की आता हा इथेच राहू दे, ह्याच्यासमोर जे बोललं जाईल ते मला आत कानात ऐकू येतं, म्हणजे तुम्हाला दर वेळी उठायला नको, तुमचे गुडघे दुखतात. एक शब्द लपवला नाही बिचारीनं. पण मास्तरच्या नाकाला मिरच्या झोंबलेल्या. तो कोटाच्या पाठीवर इस्त्री फिरवत होता, वाफ सोडत होता आणि 'फार उपकार झाले' एवढंच डोक्यात घोळवत होता. तिचं बोलणं त्याच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून गेलं. ज्याचे कान शाबूत असतात त्याला ही चैन परवडते.

त्याला एवढंच दिसलं, की कानवाल्याच्या सांगण्यावरून बायकोनं फोन आणून दुकानात ठेवला. म्हणजे आता त्याला दुकानातलंही ऐकायचं होतं.

अकराच्या सुमाराला वकील कोट न्यायला आले. उंच, काटकुळा माणूस, कपड्याच्या बाबतीत भारी चिकित्सक. त्यांनी कोट घातला, आरशात पाहिलं, आणि बोट गेलं कुठे? काजावर.

"मास्तर, मी ज्यांच्या हाताखाली वकिली शिकलो त्यांनी माझ्या मागच्या कोटाला हात लावून पाहिलं. म्हणाले, अशी काजं आता कुठे बघायला मिळत नाहीत. घालतं कोण?"

"हात बसलाय," मास्तर म्हणाला.

"तुमचा?"

"मग कुणाचा? पस्तीस वर्षं झाली." आणि त्यानं कोट त्यांच्या अंगातून उतरवून घडी घालायला घेतला, म्हणजे पुढचा प्रश्न नको.

वकील गेले. मास्तर सवयीनं आत गेला. बायकोच्या मांडीवर अर्धवट काज घातलेला कोट होता आणि सुई थांबलेली होती.

"कोण आलं होतं?" तिनं विचारलं.

"वकील."

"काय म्हणाले?"

"बरा झालाय म्हणाले."

ती त्याच्याकडे बघत राहिली. रागावलेली दिसत नव्हती. हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या घरात दिसावी तसं बघत होती. "एवढंच म्हणाले?"

"एवढंच. अजून काय म्हणणार? बाही बरोबर आहे म्हणाले."

"बरं," ती म्हणाली आणि तिनं सुई उचलली.

मास्तर बाहेर आला तो घामेघूम होऊन. तिला कळलं होतं. ती नजर कळल्याचीच होती. भिंत तीच, दार तेच, बोलणंही काही मोठ्यानं झालं नव्हतं. मग कळलं कसं? त्याची नजर काउंटरवर गेली. फोन तिथेच टेकून उभा होता, साळसूद. इथून ऐकायचं आणि तिथे कानात जाऊन सांगायचं. मास्तरच्या अंगाचा तिळपापड झाला. पंधरा वर्षांत त्यानं काय सांगायचं आणि काय नाही हे इतकं सांभाळलं, आणि हा आठ दिवसांचा पाहुणा चुगली करून मोकळा!

त्यानं रस्त्याकडे पाहिलं, कुणी नव्हतं. आतल्या दाराकडे पाहिलं, पडदा ओढलेला होता. फोन उचलला, दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला, तोंडाशी नेला आणि बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू, पुटपुटल्यासारखा बोलू लागला.

"ए. ऐकतोयस ना? मला माहीत आहे तू ऐकतोयस. तुझं लग्न झालंय का रे? झालं असेल तर आपल्या बायकोच्या कानात जाऊन बस. माझ्या बायकोशी मऊ मऊ बोलतोस, लाज नाही वाटत?"

फोन गप्प होता. मास्तरला त्याचा आणखी राग आला.

"पंधरा वर्षं त्या कानाशी मी बोलतोय. घसा फुटेपर्यंत बोललोय. तू काय केलंस? एक बटण फिरवलंस. आणि लगेच हिला चुगली? वकील काय म्हणाले ते मी तिला सांगीन, नाहीतर नाही सांगणार. आजपर्यंत कधी सांगितलं नाही ते आज सांगू? तुला काय वाटतं, मला कळत नाही? लोक तिच्याच काजांसाठी येतात. माझ्यासारखं कापणारे गल्लीत दहा मिळतील. मी दर वेळी ऐकतो, आणि दर वेळी इथे..." त्यानं छातीवर हात ठेवला, जणू फोनला दिसणार होतं. "इथे जळतं. हो, जळतं. बायकोवर जळतो मी, जा, सांग सगळ्यांना. पण तिला नको सांगूस. तिला कळलं तर ती माझ्याकडे मान वर करून कशाला बघेल? ऐकायला तू आहेस, हात तिचा आहे. मी कशाला उरलो मग? हात जोडतो बाबा. तू जा तिच्या कानातून."

एवढं बोलून त्यानं फोन खाली ठेवला. त्याला जरा हलकं वाटलं. पुरुषानं पुरुषाला स्पष्ट सांगितलं की फरक पडतो, असं त्याचं मत होतं.

आत खुर्ची सरकली.

पडदा बाजूला झाला आणि मास्तरीण दारात उभी राहिली. एका हातात कोट, दुसऱ्या हातात सुई. डोळे भरलेले होते, पण आवाज कोरडा ठणठणीत.

"इतक्या जवळून तुम्ही कधी बोलला नव्हतात," ती म्हणाली. "दोन्ही कानांत आलं."

मास्तरनं फोनकडे पाहिलं. मग तिच्या कानांकडे. मग पुन्हा फोनकडे. सकाळी वाफेतून निसटलेला एकेक शब्द आता उशिरानं परत आला. ह्याच्यासमोर जे बोललं जाईल ते मला ऐकू येतं. तुमचे गुडघे दुखतात.

"तो... कानवाला..." मास्तर म्हणाला.

"तो कधीच गेला. सकाळीच. मी होते."

मास्तर स्टुलावर बसला. तिनं कोट काउंटरवर ठेवला.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "लोकांना काही म्हणायचंच नसतं. बरा झालाय. बस. पंधरा वर्षं बरा झालाय. एवढा जीव ओतून घालते, आणि कुणाला दिसत नाही. मग वाटायचं, हातच उतरला असेल, मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही सांगत नसाल. रात्री जुने कोट काढून बघायची मी, कुठे चुकतंय ते."

हे मास्तरला माहीत नव्हतं. जळण्याच्या भरात त्यानं बऱ्याच गोष्टींचा हिशोब धरला होता, हा धरला नव्हता.

"अगं, मी..."

"थांबा," ती म्हणाली. तिनं एकेक करून दोन्ही मशीन कानातून काढल्या आणि काउंटरवर ठेवल्या. मग दुसरं स्टूल ओढून ती त्याच्याशेजारी बसली आणि डावा कान पुढे केला. "आता सांगा. आतापर्यंत जे कुणी जे म्हणालं ते सगळं. पहिल्यापासून."

त्यानं मशीनकडे बोट दाखवलं, घाल म्हणून.

"त्यातून नको. तुम्ही ठेवून घेतलंत, तुमच्याच तोंडून पाहिजे."

"वाईटही सांगू?" त्यानं वाकून विचारलं.

"सगळं."

मास्तरला वाटलं होतं, इतक्या वर्षांनी काय आठवणार? पण त्याला सगळं आठवत होतं. कोण, कुठल्या महिन्यात, कुठल्या रंगाच्या कापडाला, काय म्हणालं. मत्सरानं ते सगळं जपून ठेवलं होतं. ज्यानं खरंच आत नेऊन सांगितलं असतं तो केव्हाच विसरून गेला असता. व्हायोलिनवाला आठवला. आपल्या मुलाच्या कोटाचं काज गालाला लावून पाहणारी आई आठवली. ब्लाउजवाली बाईही आठवली.

त्यानं तिच्या कानाशी तोंड नेलं आणि व्हायोलिनवाल्याचं बोलणं हळूच सांगितलं.

"ऐकू येत नाही," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा सांगितलं.

"मोठ्यानं."

"बोटांना बघावं लागत नाही म्हणाला," मास्तर ओरडला. "बटण आपोआप घर शोधतं म्हणाला."

समोरच्या दुकानातली दाढी थांबली. न्हावी वस्तरा हातात घेऊन दारात आला आणि त्याच्यामागोमाग अर्ध्या चेहऱ्याला फेस लावलेलं त्याचं गिऱ्हाईक.

"आणि कुणाचा हात म्हणून विचारलं असेल त्यांनी," ती म्हणाली. "तुम्ही काय सांगितलंत?"

मास्तरनं रस्त्याकडे पाहिलं. तिनं कान तसाच पुढे धरला होता, तसूभर हलवला नव्हता.

"दुकानातला म्हणालो," तो हळू म्हणाला. मग तिनं विचारायच्या आत स्वतःच मोठ्यानं म्हणाला, "तुझं नाव नाही सांगितलं. तुझा हात होता. सगळी तुझीच होती."

तिनं डोळे पुसले, काउंटरवरचा कोट मांडीवर ओढला आणि अर्धं राहिलेलं काज शोधलं.

"पुढचं," ती म्हणाली.